एक गाणं, एक रेघ

रेघोटीला तिच्या खऱ्या नावानं हाक मारणारं माणूस आता शोधूनच काढावं लागेल. आत्यानं लहानपणी वैतागून ठेवलेलं नाव, चिकटलं ते चिकटलंच. बाप लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. आई, पोर पायावर उभी राहायच्या आतच गेलेली. तेव्हा बापानं पोरीला उचलून आपल्या थोरल्या बहिणीच्या घरात आणून सोडलं. बहीण यंत्रावर भरतकाम करायची. दिवसभर पाय यंत्रावर, डोळे टाक्यात आणि पोर टेबलाखाली. पोर गप्प आहे म्हणून आत्या निर्धास्त. एक दिवस कात्री खाली पडली म्हणून वाकून बघते तर काय, टेबलाची खालची बाजू कापडावर खुणा करायच्या निळ्या खडूनं रंगलेली! आत्याची सगळी गिऱ्हाइकं तिथं हजर होती. एका लठ्ठ बाईची उशी केलेली, आणि सारखं ‘झालं का, झालं का’ करणाऱ्या मास्तरांचा कोंबडा.

“अगं रेघोटे! काय हे मेलं!” आत्या ओरडली. पण ओरडता ओरडताच तिला हसू फुटलं, कारण कोंबड्याच्या चोचीवर मास्तरांचाच चष्मा होता.

“तिथंच चुकलं माझं,” आत्या पुढं जन्मभर सांगायची. “तेव्हा हसले नसते तर आज पोरगी कुठल्यातरी हापिसात पंख्याखाली बसली असती.”

त्याच टेबलावर एक रेडिओ होता. त्यात काय लागतं याच्याशी आत्याला देणंघेणं नव्हतं. यंत्राची घरघर एकटी ऐकून डोकं उठतं, जोडीला दुसरी घरघर हवी, एवढंच. रेघोटी वरच्या वर्गात गेली त्या सुमारास त्या रेडिओवर ते गाणं लागलं. पाच जणांचा बँड होता. गाणं कशावर, तर बसथांब्यावर कुणी विसरून गेलेल्या छत्रीवर. छत्री म्हणे मालकाची वाट बघत उभी आहे. आत्याच्या मनात आलं, काय बाई एकेक माणसं, यांना गायला दुसरं काही मिळालं नाही का! बोलायला तोंड उघडलं आणि तिनं मिटलं. शेजारी गृहपाठ करत बसलेल्या पोरीची पेन्सिल हवेत थांबली होती. तोंड अर्धवट उघडं. डोळे रेडिओकडं, जणू त्यातून कुणी बाहेर येणार आहे.

झालं. त्या दिवसापासून ते पाच जण या घरात राहायला आले, ते भाडं न देता. आत्या त्यांना ‘तुझे पाच पांडव’ म्हणायची.

टीव्हीवर त्यांचे कार्यक्रम बघून रेघोटी त्यांची चित्रं काढायला लागली. पण देखणी नव्हेत हं. ज्यांच्यावर जीव टाकायचा त्यांचीच टर उडवायची, ही या पोरीची जित्याची खोड. गाणाऱ्याचा तिनं कुकर केला. पाय फाकवून, मान वर करून, डोक्यावर शिट्टी उडवत उभा. गिटारवाला म्हणजे एका पायावर तपश्चर्या करणारा बगळा. पियानो वाजवणारा म्हणजे पियानोवर अंडी उबवत बसलेली कोंबडी. जाड तारांचं मोठं गिटार घेऊन मागं उभा राहणारा एक होता, तो कार्यक्रमभर जागचा हलत नसे. त्याचं तिनं कपाट केलं, दोन दारांचं, किल्ली हरवलेलं. आणि ड्रमवाला म्हणजे आठ पायांचा ऑक्टोपस. एका पायानं ड्रम बडवतोय, दुसऱ्यानं कपडे वाळत घालतोय, तिसऱ्यानं कान खाजवतोय.

पुढं ती औषधांची खोकी छापणाऱ्या कारखान्यात लागली. दिवसभर गोळ्यांच्या खोक्यांवर हिरवे-निळे पट्टे आखायचे. पण एक दिवस तिनं कारखान्यात स्वतःचा चहाचा मग नेला, त्यावर कुकर. शेजारच्या टेबलावरच्या बाईला तो हवासा झाला, मग तिच्या भावाला बगळा हवा झाला, मग भावाच्या मित्राला. असं करत करत डझनावारी मग झाले, पिशव्या आल्या, टोप्या, एप्रन, मोजे आले. मगवर चित्र भाजून पक्कं करणारं एक यंत्र स्वयंपाकघरात ओट्याशेजारी येऊन बसलं. कापडावरचं भरतकाम अर्थातच आत्याकडं. जगात कुठं कुठं त्या बँडवर जीव टाकणारी माणसं होती, ती आता रेघोटीकडून कपाटाचे मोजे मागवायला लागली. पोरीनं कारखाना सोडला. आत्या म्हणाली, “लोकांना खूळ लागलंय. पण आपलं पोट भरतंय, तर मी का शहाणं करू?”

एवढं सगळं होऊन गेलं, तरी पोर चित्र कसं काढते ते आत्यानं नीट बघितलंच नव्हतं. बघायला सवड कुठं होती? एका दुपारी वीज गेली, यंत्र बंद पडलं, आणि आत्या चहाचा कप घेऊन पोरीच्या खोलीच्या दारात सहज टेकली.

रेघोटी कोऱ्या कागदासमोर बसली होती. शेजारी सेलवर चालणारं टेपचं जुनं यंत्र. तिनं ते सुरू केलं, आणि छत्रीचं गाणं लागलं. पहिला ठोका पडला त्या क्षणी तिनं पेन कागदावर टेकवलं. आणि मग ते उचललंच नाही. रेघ निघाली. गाणं सावकाश चाललं की रेघ सावकाश, गाणं धावलं की धावायची, सूर चढला की वर, ठोके पडले की तिला वाकणं पडायची. पोरीचे डोळे कागदावर नव्हतेच, समोरच्या भिंतीवर होते. आत्याला वाटलं, ही काय करतेय, गोंधळ होणार सगळा. आणि बघता बघता त्या एकाच रेघेतून एक पाय आला, मग दुसरा, मग डोकं, मग दोरीवर वाळत घातलेला पायजमा. शेवटचा ठोका पडला, पेन उचललं, आणि कागदावर अख्खा ऑक्टोपस हसत होता. रेघ जिथं संपली तिथं चित्र संपलेलं. ना एक टिंब जास्त, ना एक कमी.

आत्याच्या हातातला चहा गार झाला होता. जन्मभर तिनं दोऱ्याशी व्यवहार केलेला. दोरा न तोडता एक पान भरायचं म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. आणि इथं ही पोर, जिला धड वेणी घालता येत नाही, ती न बघता, न थांबता, दुसऱ्याच्या ठोक्यावर हे करत होती. तिला एकदम वाटलं, आपण ज्या पोरीला वाढवलं ती ही नव्हे. ही कुणीतरी परकी, मोठी बाई आहे, आणि आपण तिच्या दारात उभ्या आहोत.

“प्रत्येक वेळी असंच काढतेस?” तिनं हळूच विचारलं.

“एक गाणं, एक रेघ,” रेघोटी म्हणाली. “गाणं संपलं आणि चित्र अपुरं राहिलं तर फाडून टाकायचं. आत्या, तू रडतेस का?”

“डोळ्यात दोऱ्याचं काहीतरी गेलंय,” आत्या म्हणाली. पण मोठेपणा जास्त वेळ सहन होणारं माणूस नव्हतं ते. तिनं चष्मा पुसला, चित्रावर वाकली आणि बोट ठेवलं. “इथं हात हलला बघ तुझा.”

ऑक्टोपसच्या सहाव्या पायाच्या वाकणात रेघेला बारीकशी उचकी लागली होती. एवढीशी, कापडात दोरा अडकून आखडावा तशी.

“हात नाही हलला. तिथं तसंच होतं. कितीदा काढलं तरी तिथं पेन उडतं.”

“का पण?”

“मला नाही गं माहीत. गाण्यातच असेल काहीतरी.”

“गाण्याला कसली उचकी लागतेय!” आत्या म्हणाली. त्यानंतर मगवर, पिशवीवर, जिथं जिथं ऑक्टोपस दिसेल तिथं तिचा डोळा आधी त्या उचकीवर जायचा. आता भरतकाम करणाऱ्या बाईला आखडलेला दोरा म्हणजे डोळ्यातलं कुसळ, दुसरं काय.

आणि मग तो फोन आला.

फोनवर बँडचा कारभारी होता. त्यांचे कार्यक्रम ठरवणारा, पैसे बघणारा. त्याच्या हातात कुठून तरी कुकरचा मग पडला होता. “बाई, आमचे कलाकार म्हणजे काय भांडीकुंडी आहेत? कोंबड्या आहेत? कुणाला विचारून हे करता?” रेघोटीच्या तोंडचं पाणी पळालं. विचारायचं असतं हे तिच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. जे घरात राहतात त्यांना कोण विचारतं? कारभाऱ्यानं शेवटी एक सवलत दिली. बँड पहिल्यांदाच या दोघींच्या गावात येणार होता. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी सगळ्या वस्तू एकेक घेऊन यायचं. पाचही जण बघतील. पाचांनी हो म्हटलं तर बरं. एकानं जरी नकाराची मान हलवली, तर त्या दिवसापासून त्यांचं एकही चित्र काढायचं नाही. विकायला नाही, कुठंच नाही.

“घरात काढलं तर त्यांना कोण सांगणार आहे?” आत्या म्हणाली.

“त्यांनी नको म्हटल्यावर मी कसं काढू, आत्या?” रेघोटी म्हणाली, आणि आत्याला कळलं की हे मग-मोज्यांचं दुखणं नाही. त्या पाचांनी नाही म्हटलं, तर पोरीचा हातच बंद पडणार होता.

मग आत्यानं आपली अक्कल चालवली. “हे बघ, माणूस कितीही मोठा असो, त्याला आपण देखणं दिसावं असं वाटतंच. तू त्यांची चांगली चित्रं काढ. नाकीडोळी नीट. भांग पाडलेली.” पोरीनं तेही करून बघितलं. फोटो समोर ठेवले, पेन दहादा उचललं, दहादा टेकवलं, खोडलं. गाणाऱ्याचं तोंड झालं छान, अगदी बँकेच्या साहेबासारखं. दोघी बराच वेळ त्याच्याकडं बघत बसल्या.

“मेला आहे का हा?” आत्यानं विचारलं.

“वाटतंय तरी तसंच,” रेघोटी म्हणाली, आणि तिनं कागदाचा बोळा केला. “कुकरच न्यायचा. काय व्हायचं ते होऊ दे.”

दाखवायला न्यायच्या सगळ्या वस्तूंत आत्यानं आपली म्हणून एक वस्तू घातली. जीनचं जाकीट. त्याच्या अख्ख्या पाठीवर काळ्या जाड दोऱ्यानं ऑक्टोपस. असं भरतकाम तिनं आयुष्यात केलं नव्हतं. रेघोटीची रेघ कापडावर उतरवून घेतली आणि एकच दोरा सोडला तो शेवटपर्यंत तोडला नाही. पोरीचं सगळं या जाकिटावर, असं मनात धरून बसली होती. सहाव्या पायापाशी आली तेव्हा ती उचकी तिच्याकडं बघून जणू दात विचकत होती. एवढ्या मोठ्या माणसांपुढं पोरीचा हा दोष ठेवायचा? आत्याचा पाय यंत्रावर जरासा थबकला, आणि मग तिनं ते वाकण सुतासारखं सरळ करून टाकलं. कापडावर हात फिरवून बघितला. मऊ, गुळगुळीत. समाधान वाटलं तिला. घडी घालून, कागदात गुंडाळून, तिनं ते खोक्यात सगळ्यात वर ठेवलं.

सभागृहाच्या मागच्या बाजूला एक खोली होती. जमिनीवर वायरींची भेंडोळी, कोपऱ्यात लोखंडी पेट्या, भिंतीला भला मोठा आरसा आणि पोटातला स्पंज बाहेर आलेला सोफा. त्यावर ते पाच जण बसले होते. आत्याचा आधी विश्वासच बसेना. कुकर चष्मा लावून मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून वाचत होता. बगळ्याची टाच दुखत होती, त्यानं पाय पेटीवर ठेवला होता. कोंबडी बिस्किटं खात होती. कपाट कोपऱ्यात उभं, अर्थातच न हलता. आणि ड्रमवाला, ज्याला ती राक्षस समजत होती, तो एवढासा, किडकिडीत, आत्याच्या खांद्याला लागेल इतका. एवढ्याशा माणसातून तो दणका निघतो?

कारभाऱ्यानं खोक्यातल्या वस्तू टेबलावर मांडल्या, पुरावे मांडतात तशा. कोंबडीवाल्यानं स्वतःला बघितलं आणि बिस्किटाचा ठसका लागेपर्यंत हसला. बगळा म्हणाला, “माझे पाय एवढे बारीक नाहीत,” पण मोजे त्यानं घालूनच बघितले. कपाटानं कपाट हातात घेतलं, उलटसुलट केलं, खाली ठेवलं. हो की नाही, काही कळेना. गाणाऱ्यानं मात्र मग उचलला आणि त्याचा चेहरा पडला.

“कुकर,” तो म्हणाला. “इतकी वर्षं गळा फोडून गातोय, आणि लोकांना मी कुकर वाटतो.”

रेघोटीनं रिकामं खोकं पुढं ओढलं, वस्तू परत भरायला.

तेवढ्यात ड्रमवाल्यानं जाकीट उलगडलं. मांडीवर पसरलं. “किती वेळ लागला हे काढायला?”

“गाण्याएवढा,” रेघोटी म्हणाली. मग अडखळत तिनं सांगितलं. पहिल्या ठोक्याला पेन टेकवायचं, शेवटच्या ठोक्याला उचलायचं.

“काहीतरीच,” कारभारी म्हणाला. “गाणं म्हणजे काय मोजपट्टी आहे?”

“थांब,” ड्रमवाला म्हणाला. “मुली, कुठलं गाणं ते सांगू नकोस.”

त्यानं रेघेचं टोक शोधलं. एका हाताचं बोट त्यावर ठेवलं, आणि दुसऱ्या हातानं सोफ्याच्या दांडीवर ठोके द्यायला लागला. बोट दोऱ्यावरून निघालं. पहिल्या पायाच्या वाकणावर त्याचा ठोका बदलला. पुन्हा बदलला. दुसरा पाय अर्धा झाला असेल नसेल.

“छत्री,” तो म्हणाला.

बगळ्यानं पेटीवरचा पाय खाली घेतला. कपाट एक पाऊल पुढं आलं. फक्त ते ठोके आणि जाडसर दोऱ्यावरून सरकणारं ते बोट. आत्यानं त्या रेघेवरून शेकडो वेळा सुई फिरवली होती. ती वाचता येते हे तिला ठाऊक नव्हतं. पोरीनं कागदावर सांडलेलं काहीतरी हा माणूस परत उचलून घेत होता, जसंच्या तसं.

तिसरा पाय, चौथा, पाचवा. सहाव्यावर बोट वाकणात शिरलं, गुळगुळीत निघून गेलं, आणि ड्रमवाला थांबला. मागं गेला. पुन्हा त्या वाकणातून बोट फिरवलं.

“इथं नाहीये,” तो म्हणाला.

“काय?” कारभाऱ्यानं विचारलं.

“छत्री ध्वनिमुद्रित केली ना, तेव्हा इथं माझ्या हातातली काठी निसटली होती. ड्रमच्या कडेवर लागली. आम्ही तशीच ठेवली. आजवर एकानंही विचारलं नाही.” तो हसला, पण बारीक. “मला उगीच वाटलं होतं, हिला ऐकू आलं असेल. असो. चित्र छान आहे.” आणि जाकिटाची घडी घालायला लागला.

रेघोटीनं मान वर केली. तिनं जाकिटाकडं बघितलं, मग आत्याकडं. रागानं नाही. रागावली असती तर बरं, असं आत्याला वाटलं. पोर काही बोलणार नव्हती, कारण बोलायचं तर आत्याचं नाव घ्यावं लागलं असतं. आत्याला समजलं, आपण कुसळ म्हणून काढलं तो डोळाच होता.

“दादा, घडी घालू नका,” आत्या म्हणाली. एवढ्या मोठ्या माणसांत बोलायची तिची ही पहिलीच वेळ. “तिला ऐकू आलं होतं. मीच ते शिवून टाकलं. मला वाटलं पोरीचा हात हलला. माझ्या धंद्यात दोरा आखडला की काढायचा असतो.” आणि टेबलावरचा ऑक्टोपसचा मग उचलून तिनं त्याच्या हातात दिला. “यावर आहे बघा. मगवर माझी सुई चालत नाही ना, म्हणून वाचलाय हा.”

मगवरचा ऑक्टोपस अंगठ्याएवढा. ड्रमवाल्यानं नख लावून रेघ धरली. ठोके सुरू. यावेळी गाणाऱ्यानंही नकळत गुणगुणायला सुरुवात केली होती. सहावा पाय आला. नख उचकीवर आलं, आणि त्याच क्षणी दुसऱ्या हाताचं बोट सोफ्याच्या लाकडी कडेवर निसटल्यासारखं पडलं. टक्.

बरोब्बर तिथं.

ड्रमवाला तो मग दोन्ही हातांत धरून बसून राहिला, चहानं भरलेला असावा तसा. शेवटी म्हणाला, “मला वाटायचं हे फक्त मलाच माहीत आहे.”

गाणाऱ्यानं हळूच आपला कुकर पुन्हा उचलला. चष्मा लावला. रेघेच्या टोकावर बोट ठेवून तोंडातल्या तोंडात सूर शोधायला लागला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा गाणं सापडलं. शिट्टीपाशी रेघ सरळ वर जायची, तिथं त्याचाच तो प्रसिद्ध लांबवलेला सूर आला, आणि जिथं शिट्टी संपली तिथं त्याचा श्वास संपला.

“मला वाटलं माझी थट्टा केलीय,” तो म्हणाला.

“थट्टाच आहे,” रेघोटीच्या तोंडून निघून गेलं. “पण तुमच्याच सुरात केलीय.”

तेवढ्यात कोपऱ्यातून एक आवाज आला, गंजलेलं दार उघडावं तसा. कपाट हसत होतं. बगळा म्हणाला, “बघा, किल्ली सापडली!” आणि मग गाणारा स्वतःच हसायला लागला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

पाचांनी हो म्हटलं. कारभाऱ्याला काय, धनी हो म्हणाले तर त्यानं कुठं जायचं? पण सामान आवरताना तो रेघोटीजवळ येऊन घसा खाकरत म्हणाला, “माझं नाही काढलंत कधी?”

“तुम्ही कुठं गाता?” रेघोटी म्हणाली.

निघताना ड्रमवाल्यानं जाकीट आत्याच्या हातात दिलं. “ताई, हे मला हवंय. पण माझी चूक मला परत घालून द्या.”

दुसऱ्या दिवशी आत्या यंत्रापाशी बसली. सहाव्या पायाचे टाके तिनं सुईच्या टोकानं एकेक करून उसवले. मग दोरा ओवून तशीच बसून राहिली.

“काय झालं? शिव की,” रेघोटी म्हणाली.

“लाव ते गाणं.”

“तुला पाठ आहे की. इतक्या वर्षांत हजारदा ऐकलंयस.”

“ऐकलं कुठं? घरघर म्हणून ठेवलं होतं,” आत्या म्हणाली. “लाव. आणि माझ्या यंत्राला हात लावू नकोस, बंदच राहू दे.”

गाणं लागलं. आत्यानं कापडावर बोट ठेवलं, रेघेच्या टोकाशी, आणि डोळे मिटले. छत्री बसथांब्यावर वाट बघत उभी होती. पहिला पाय, दुसरा. बोट घाबरत घाबरत सरकत होतं, अनोळखी घरात अंधारात पाऊल टाकावं तसं. पाचवा संपला. टाके उसवलेल्या मोकळ्या कापडावर बोट आलं, आणि गाण्याच्या पार तळाशी, सगळ्या आवाजांच्या मागं, अगदी बारीक—

टक्.

आत्यानं डोळे उघडले. “अगो बाई,” ती म्हणाली. मग पोरीकडं बघून पुन्हा तेच म्हणाली, “अगो बाई गं.” आणि त्या जागेवर निळ्या खडूनं खूण केली.